सागवान महाग, भुसा स्वस्त : ड्रम सँडर लावण्याची आणि राखण्याची रीत

मेळघाटच्या पायथ्याचे परतवाडा आणि त्याला लागून असलेले अचलपूर, ही दोन्ही गावे सागवानाची म्हणून वऱ्हाडभर ओळखली जातात. इमादशाहीत वऱ्हाडची राजधानी राहिलेल्या या गावात दारे-चौकटी, दिवाण, कपाटे आणि टेबले बनविणारे छोटे कारखाने पुऱ्यापुऱ्यांतून आहेत आणि त्यांत आपल्या समाजातील कारागिरांची संख्या मोठी आहे. पूर्वी घासाईचे काम पोरे करीत. लाकडाच्या ठोकळ्याला काचकागद गुंडाळायचा आणि दिवसभर हात चालवायचा. आता अनेक कारखान्यांत हे काम ड्रम सँडर करतो. मशीन आली, पण ती लावायची कशी आणि राखायची कशी हे सांगणारा तिच्याबरोबर आला नाही. म्हणून आज या पानावर आम्ही हा विषय घेत आहोत.

निमित्त घडले ते एका कारखान्यात. कारखानदाराचे नाव देण्याचे कारण नाही. त्यांनी सागवानाचे तीस टेबलटॉप बनवून दिले होते. प्रत्येक टॉप पाच फूट बाय दोन फूट, ठरलेली जाडी २५ मिलिमीटर. गिऱ्हाइकाने माल उतरवून घेताना खिशातून व्हर्निअर काढला. एका कडेला २५ भरले, समोरच्या कडेला २४. नऊ टॉप परत आले. आम्ही गेलो तेव्हा ते भिंतीला टेकवून ठेवलेले होते आणि कारखानदाराचा भाचा सँडपेपर विकणाऱ्याच्या नावाने बोटे मोडीत होता. "मामू, पट्टीच खराब येऊन राहिली. दोन दिवस टिकत नाही, जळते," असे त्याचे म्हणणे होते. तीन वेगवेगळ्या कंपन्यांचा कागद त्यांनी बदलून पाहिला होता. ड्रमकडे मात्र कोणी पाहिले नव्हते.

नुकसान कितीचे, हे आधी पाहू. पाच बाय दोनचा एक टॉप म्हणजे दहा चौरस फूट. असे तीस टॉप एक मिलिमीटर जास्त घासले गेले तर जवळजवळ एक घनफूट सागवान भुसा होऊन पोत्यात जाते. आजचा घनफुटाचा भाव तुम्हांस आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात जंगलतोडीवर आणि जंगलक्षेत्रातील आरामशीनवर कडक निर्बंध घातले, तेव्हापासून या धंद्याचे गणित पहिल्यासारखे राहिलेले नाही. स्वस्त लाकडाच्या काळात खपून जाणारी चूक आता खपत नाही. पैशाशिवाय दुसरीही बाजू आहे. मापात कमी देण्याबद्दल कुरआन शरीफमधील सूरह मुतफ्फिफीनमध्ये किती कडक इशारा आहे हे वाचकांना सांगायला नको. तराजूचे माप जसे माप, तशी टॉपची जाडीही मापच. जाणूनबुजून कमी दिले नाही हे खरे, पण मशीन वाकडी आहे की सरळ हे तपासणे आपल्याच हातात होते.

आता मशीनकडे वळू. ड्रम सँडरमध्ये एक आडवा गोल ड्रम जोराने फिरत असतो. त्यावर सँडपेपरची पट्टी वेटोळ्याने गुंडाळलेली असते. खालून रबराचा किंवा सँडपेपरचाच चालता पट्टा फळी पुढे नेतो. ड्रम आणि पट्टा यांतील अंतर चाक फिरवून कमी-जास्त करता येते. ड्रमच्या आधी आणि नंतर एकेक दाबरूळ असतो, तो फळीला पट्ट्यावर दाबून धरतो. म्हणजे मशीनचे खरे काम एकच : ड्रम आणि खालचा पाट यांतील अंतर डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत सारखे ठेवणे. हे अंतर सारखे नसेल तर जगातील कोणताही कागद लावा, माल पाचरीसारखाच निघणार.

त्या कारखान्यात नेमके हेच झाले होते. दोन महिन्यांपूर्वी मशीन जुन्या शेडमधून नव्या शेडमध्ये नेली, तेव्हा चार माणसांनी ती ड्रमच्या एका टोकाला धरून ओढली होती. शिवाय नव्या शेडची फरशी उताराची. एक पाय अधांतरी राहत होता म्हणून त्याखाली लाकडाची चिपटी ठोकलेली. चिपटी दबली की सांगाडा पिळला जातो आणि सांगाडा पिळला की वरचा ड्रमही तिरपा होतो. म्हणून पहिले काम पाण्याच्या लेव्हलने मशीन बसवून घेणे, आणि पायाखाली लाकूड न घालता लोखंडी पत्र्याचे तुकडे घालणे.

मग समांतरता तपासावी. यासाठी महागडे साधन लागत नाही. एकाच फळीतून, एकाच रंध्यातून काढलेल्या दोन पट्ट्या घ्याव्या. दीड-दोन फूट लांब आणि दोन इंच रुंद पुरे. चाक न हलवता एक पट्टी पाटाच्या अगदी डाव्या कडेने आणि दुसरी अगदी उजव्या कडेने घालावी. दोन्ही बाहेर आल्या की व्हर्निअरने जाडी मोजावी. तिसरी पट्टी मधूनही घालून पाहावी, कारण जुन्या मशीनवर चालता पट्टा मधोमध झिजलेला असतो आणि तेथे माल जाड राहतो. दोन फुटी मशीनवर दोन कडांत एक दशांश मिलिमीटरपर्यंतचा फरक फर्निचरच्या कामाला चालून जातो. त्याहून जास्त असेल तर दुरुस्त करावे. आम्ही पाहिले त्या मशीनवर फरक बरोबर एक मिलिमीटर निघाला. भाचा गप्प झाला.

दुरुस्ती कोठे करायची हे मशीनप्रमाणे बदलते. काहींत ड्रमच्या एका टोकाचे बेअरिंग ज्यावर बसते त्याचे बोल्ट ढिले करून ते टोक वरखाली करता येते, तर काहींत पाटाच्या चार कोपऱ्यांतील स्क्रूंनी पाटच वरखाली होतो. कोठल्याही बाबतीत मेन स्विच बंद करून फ्यूज काढून ठेवल्याशिवाय हात घालू नये. पट्टी उतरवून ड्रम उघडा करावा. एकाच लाकडाचे दोन सारखे ठोकळे ड्रमखाली दोन टोकांना ठेवावे आणि पाट हळूहळू वर घ्यावा. एका टोकाला ठोकळा अडकतो आणि दुसऱ्या टोकाला हलतो, म्हणजे हलणाऱ्या टोकाला अंतर जास्त आहे. तेथे फीलर गेजची पाती घालून अंतर मोजावे आणि तेवढेच टोक खाली आणावे. बोल्ट आवळताना ड्रम पुन्हा किंचित सरकतो, म्हणून आवळून झाल्यावर परत मोजावे. त्या दिवशी आम्हांला हे चार वेळा करावे लागले. दुपारची नमाज झाली, जेवण झाले, आणि तिसऱ्या प्रहरी कोठे फरक बोटाला जाणवेनासा झाला.

पट्टी गुंडाळण्यातही मोठी गफलत होते. वेटोळ्यांच्या कडा एकमेकींवर चढता कामा नयेत. चढल्या की तेथे उंचवटा होतो, तो लाकडाला आधी लागतो, तापतो, काळी रेघ ओढतो आणि शेवटी तेथूनच पट्टी फाटते. कडांत नखभर फट राहिली तर बिघडत नाही. दोन्ही टोकांना पट्टी तिरपी कापावी लागते. त्यासाठी मशीनबरोबर आलेली पहिली पट्टी फेकू नये. तीच नमुना म्हणून खुंटीला टांगून ठेवावी आणि नवी पट्टी तिच्यावर ठेवून कापावी. दुसरी गोष्ट अशी की पट्टी गरम झाली की ताणली जाते. नवी पट्टी लावल्यावर दोन-चार फळ्या घासून मशीन बंद करावी आणि टोकाच्या चिमट्यात ढिलाई आली आहे का ते पाहावे. ढिली पट्टी फळीखाली दुमडते आणि एका क्षणात तिचे तुकडे होतात. लोक म्हणतात कागद कच्चा होता.

कागद कोणता घ्यावा? लाकडासाठी तपकिरी ॲल्युमिनियम ऑक्साइडचा आणि कापडी पाठीचा घ्यावा. काळा वॉटर पेपर या कामाचा नव्हे. पावसाळ्यात साध्या कागदी पाठीची पट्टी दमट हवेने सैल पडते, म्हणून रोल सिमेंटच्या फरशीवर ठेवू नयेत, उंचावर ठेवावेत.

आणि आता मुख्य दुखणे : एका वेळी किती घासायचे. आमचे मिस्त्री सुतात मोजतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणजे तीन मिलिमीटरपेक्षा किंचित जास्त. घाईच्या दिवशी "पाव सूत काढ" म्हणून चाक फिरवले जाते. पाव सूत म्हणजे आठ दशांश मिलिमीटर. ६० नंबरच्या कागदाचा दाणा सरासरी पाव मिलिमीटरच्या थोडा वर, ८० नंबरचा एक पंचमांश मिलिमीटर आणि १२० नंबरचा एक अष्टमांश मिलिमीटर असतो. जेवढा दाणा तेवढाच दात. दातापेक्षा खोल चावा घ्यायला लावला की दाणा कापत नाही, घासला जातो. त्यातून उष्णता निघते, सागवानातील तेल वितळून भुशासकट दाण्यांत भरते आणि पट्टी काचेसारखी गुळगुळीत होते. यालाच आपण पट्टी जळाली म्हणतो. म्हणून ६० नंबरने एका वेळी जास्तीत जास्त सुताचा बारावा भाग, ८० ने सोळावा आणि १२० ने पंचविसावा, एवढेच काढावे. बऱ्याच मशीनवर चाकाचा पूर्ण फेरा म्हणजे अर्धा सूत असतो. आपल्या चाकाचा फेरा किती, हे एकदा मोजून मशीनवर रंगाने लिहून ठेवावे, म्हणजे पोऱ्यालाही कळते. फार काढायचे असेल तर ते काम रंध्याचे, सँडरचे नव्हे. सागवानात वाळूसारखा सिलिकाचा अंश असल्यामुळे रंध्याची पाती लवकर बोथट होतात, हे मान्य आहे. पण पाते धार लावून पुन्हा वापरता येते, जळालेली पट्टी नाही.

फळी नेहमी मधूनच घालण्याची सवयही सोडावी. कधी डावीकडून, कधी उजवीकडून घालावी, म्हणजे पट्टी सारखी झिजते. अरुंद फळी जरा तिरपी घातली तर पट्टी थंड राहते. शेवटचा हात मात्र सरळ द्यावा. जोडलेल्या पाटावरचा वाळलेला गोंद आधी पटाशीने काढावा, कारण गोंदाचा एक थेंब दाण्यांत चिकटला तर पुढच्या प्रत्येक फळीवर एक सरळ रेघ उमटते. आणि जोड पुरता सुकू द्यावा. ओल्या गोंदाने जोडाजवळचे लाकूड फुगलेले असते. ते तसेच घासून सपाट केले तर आठ दिवसांनी लाकूड बसते आणि जोडाच्या रेघेत खळगा पडतो. पॉलिश झाल्यावर तो उजेडात दिसतो आणि दोष पॉलिशवाल्याच्या माथी जातो.

भरलेली पट्टी साफ करायला बाजारात रबराची कांडी मिळते. ती मिळाली नाही तर जुन्या चपलेचा क्रेपचा तळ चालतो. तो प्लायवुडच्या तुकड्यावर पक्का चिकटवावा आणि फळीसारखाच मशीनमधून हलक्या स्पर्शाने काढावा. हाताने धरून फिरत्या ड्रमला लावण्यापेक्षा ही रीत बरी. बोटे एकदाच मिळतात.

फळीवर आडव्या लाटा उठत असतील तर त्यांचे अंतर मोजा, मशीन स्वतःच आपला रोग सांगते. समजा ड्रम मिनिटाला १४४० फेरे घेतो आणि पट्टा मिनिटाला दहा फूट फळी नेतो. मग ड्रमच्या एका फेऱ्यात फळी दोन मिलिमीटरच्या जराशी वर सरकते. लाटा तेवढ्याच अंतरावर असतील तर दोष ड्रममध्ये आहे : पट्टीचा उंचवटा, खेळलेले बेअरिंग किंवा तोल गेलेला ड्रम. अंतर इंच-दीड इंच असेल तर चालता पट्टा झटके खात आहे, त्याची साखळी किंवा रूळ पाहावा. फळीच्या दोन टोकांना खळगा पडत असेल तर दाबरुळांचा दाब जास्त आहे किंवा लांब फळी बाहेर पडताना खाली लोंबते आहे. पुढे एक आधाराची घोडी ठेवावी. दोन दाबरुळांतील अंतरापेक्षा आखूड तुकडा मशीनमध्ये मुळीच घालू नये, तो उलटा उडतो.

चालता पट्टा एका बाजूला सरकत असेल तर ज्या बाजूला जातो त्याच बाजूचा ताण थोडा वाढवावा. पाव फेरा आवळावा, पट्टा चार-पाच वेळा फिरू द्यावा, मग पुन्हा पाहावे. एकदम पूर्ण फेरा आवळणारे दिवसभर पट्ट्याच्या मागे धावतात.

तेलाबद्दल एक इशारा. उंची बदलण्याच्या आटेदार दांड्यांना आणि साखळीला तेल घालू नका. तेलात भुसा मिसळून लुकण तयार होते आणि दांडी जाम होते. ब्रशने साफ करून मेणाचा किंवा ग्रॅफाइटचा हात द्यावा. बेअरिंगला ग्रीसही बेताचेच द्यावे. विजेबाबत एवढेच, की शेतातल्या पंपाची मोटर जशी दोन फेजवर किंवा कमी दाबावर जळते तशीच ही जळते. सिंगल फेजिंगपासून वाचविणारा स्टार्टर आणि एक अँपिअर मीटर लावावा. मीटरचा काटा नेहमीपेक्षा वर जाऊ लागला की चावा मोठा आहे किंवा पट्टी भरली आहे, असे समजावे.

वऱ्हाडात जुन्या वाड्यांचे सागवान पुन्हा वापरण्याची चाल आहे. लाकूड उत्तम, पण त्यात तुटलेले खिळे असतात. प्रत्येक फळीवर आधी लोहचुंबक फिरवावे. खिळा पट्टी फाडतो हे लहान नुकसान. त्याची ठिणगी भुशाच्या नळीतून पोत्यात गेली तर तासाभराने, सगळे घरी गेल्यावर, पोते पेटते.

या भुशाबद्दल कारागीर बंधूंनी बेफिकीर राहू नये. सँडरचा भुसा करवतीच्या भुशापेक्षा फार बारीक असतो, तो छातीत खोल जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीला कर्करोगाचे निश्चित कारण म्हणून पहिल्या गटात घातले आहे. नाकाच्या आतल्या पोकळीचा कर्करोग त्यात मुख्य. सागवानाच्या धुळीने कित्येकांच्या कातडीला खाज आणि चट्टेही येतात. तोंडाला रुमाल बांधणे पुरेसे नाही. मशीनला धूळ ओढणारा पंखा जोडलेला हवा, त्याचे पोते शेडबाहेर हवे आणि कारागिराच्या तोंडावर धुळीसाठीचा घट्ट बसणारा मास्क हवा. पंखा असेल तर पट्टीही जास्त टिकते, कारण भुसा दाण्यांत थांबत नाही. सैल बाही, गळ्यातला गमछा आणि हातमोजे या मशीनवर चालत नाहीत.

शुक्रवारी कारखाना बंद असतो, म्हणून गुरुवारी संध्याकाळी अर्धा तास मशीनसाठी काढावा. भुसा झाडावा, पोते रिकामे करावे, व्ही बेल्ट दाबून पाहावे, दोन पट्ट्यांची परीक्षा घ्यावी आणि वहीत आकडे लिहावे. वहीत आणखी एक रकाना ठेवावा : कोणत्या तारखेला पट्टी लावली आणि ती उतरेपर्यंत किती चौरस फूट काम झाले. कोणत्या कंपनीचा कागद स्वस्त पडतो हे दुकानदाराच्या बोलण्यावरून कळत नाही, या रकान्यावरून कळते. दुसऱ्याचा माल मजुरीने घासून देणाऱ्यांना तर दर ठरविण्यासाठी ही वही हवीच. लहान कारखानदारांनी प्रत्येकी मशीन घेण्यापेक्षा तिघाचौघांनी भागीत एक घेतली तरी काम भागते, मात्र चाकाला हात लावणारा माणूस एकच असावा.

परत आलेल्या नऊ टॉपांचे काय झाले, हे वाचक विचारतील. जाडी वाढविता येत नाही. मशीन सरळ झाल्यावर ते सगळे एकसारखे २४ मिलिमीटरवर आणले. कारखानदार स्वतः गिऱ्हाइकाकडे गेले, माल एक मिलिमीटर कमी आहे हे सांगितले आणि तेवढी रक्कम सोडली. आठ टॉप घेतले गेले. नवव्याला पूर्वीच्या जळालेल्या पट्टीची काळी रेघ खोल गेली होती. तो आता त्याच कारखान्यात सँडरपुढे आधाराच्या घोडीवर ठोकलेला आहे.